पान खालचं की वरचं

आबांनी चहाचा कप ओट्याच्या कडेपलीकडे ठेवला. कप पडला. माय आतून आली. आबा तिला म्हणाले, "दिवा लाव." अंगणात ऊन होतं.

मी दिवाळीच्या सुट्टीला गावी आई-वडिलांकडे, म्हणजे माय-आबांकडे, आले होते. भाऊबीज उरकली की जळगावला परत जायचं, म्हणून माझी पिशवी भरून खुंटीला अडकवलेली होती. ती तशीच राहिली आणि आम्ही आबांना घेऊन डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. आबांचा उजवा डोळा मळणीच्या वेळी कुसळ जाऊन फार आधीच निकामी झाला होता. उरलेल्या डोळ्याची मागची नस सुकली होती, आणि ती काही एका दिवसात सुकली नव्हती. डॉक्टरांनी विचारलं, "कडेचं दिसणं कधीपासून कमी होत होतं?" आबा म्हणाले, "दोन पिकं झाली असतील." दुसऱ्याच्या वावरातलं पहिलं पिवळं पान ओळखणाऱ्या माणसानं स्वतःचं घरात कोणाला कळू दिलं नव्हतं. परतीच्या गाडीत माय बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. पाचोरा जवळ आल्यावर एवढंच म्हणाली, "सांगाले काय व्हयनं व्हतं तुमले?" आबांनी हात पुढे करून समोरच्या सीटची दांडी शोधली आणि धरून ठेवली.

आबा शेती करत, पण त्याआधी बरीच वर्षं ते धुळ्याला एका सरकारी फार्मवर मुकादम होते. तिथे मक्याची वाणं लावून बघत. आमच्या भागात मका तेव्हा नुकता वाढायला लागला होता. कापूस उपटला की विहिरीच्या पाण्यावर मका, असं एकेक जण करून पाहत होता. कापसाचं दुखणं सगळ्यांना ठाऊक होतं, मक्याचं कोणालाच नाही. म्हणून सकाळच्या वेळी आमच्या ओट्यावर माणसं यायची. कोणाच्या हातात पान, कोणाच्या हातात मुळासकट उपटलेलं रोप. फार्मवर राहून आबांची बोली ऑफिसातल्यासारखी झाली होती. माझ्याशी ते तशीच भाषा बोलत. माय मात्र अहिराणीच बोलायची, आणि आबा शहरी बोलायला लागले की म्हणायची, "ऊना साहेब," म्हणजे आला साहेब.

मी एम.ए.च्या पहिल्या वर्षाला होते. जळगावात मेहरूणला मावशीकडे राहत होते. तलावाच्या बाजूला एक खोली, खोलीत माझं टेबल, टेबलावर ग्रंथालयातली पुस्तकं. मला पुढे कॉलेजात शिकवायचं होतं. हे मी कोणाला मोठ्यानं सांगितलं नव्हतं, पण मावशीला माहीत होतं आणि मायलाही असावं. त्यासाठी एम.ए. पुरं होणं गरजेचं होतं, आणि ते पुरं व्हायचं तर मला त्या खोलीत परत जाणं गरजेचं होतं. माझा भाऊ वरणगावच्या फॅक्टरीत नोकरीला होता, तिथल्याच क्वार्टरमध्ये वहिनी आणि तान्हं मूल. तो येऊन गेला. जाताना म्हणाला, "मंगल, थोडे दिवस थांब. आबांची घडी बसू दे." मी थांबले. आबांची घडी कशी बसणार होती ते त्यालाही माहीत नव्हतं.

माणसं येणं थांबलं नाही. डोळे गेल्याचं कळूनही ती आली. पहिल्या दिवशी कोणीतरी आबांच्या हातात पान दिलं. आबांनी ते बोटांनी चाचपलं, नाकाशी नेलं, आणि विचारलं, "हे खालचं की वरचं?" त्या माणसाला आठवेना. आबांनी पान परत केलं. डोळे होते तेव्हाही ते हेच करत. तोडून आणलेल्या पानावर ते कधी बोलत नसत. मग ते त्या माणसाबरोबर वावरात जात आणि उभ्या झाडाकडे बघत. आता जाता येत नव्हतं. ते घराकडे तोंड करून म्हणाले, "मंगल, चप्पल घाल."

अशी मी त्यांचे डोळे झाले. त्यांनी मला एक पद्धत लावून दिली. आधी बांधावर उभं राहून सगळं वावर बघायचं, मग ओळ, मग झाड, शेवटी पान. पान तोडायचं नाही. घरी येऊन जे दिसलं तेवढंच सांगायचं. मी ओट्यावर बसायचे, वावराचा धनी शेजारी, आणि आबा भिंतीला टेकून, डोळे मिटून. डोळे मिटायची गरज नव्हती, तरी मिटायचे.

"पिवळं कुठून सुरू झालंय?"

"टोकाकडून."

"टोकाकडून मधल्या शिरेनं आत, का कडेकडेनं?"

"मधून. कडा हिरव्या आहेत."

"कोणतं पान?"

"सगळ्यात खालचं. त्याच्या वरचंही थोडं."

"नत्र कमी पडलंय," आबा म्हणायचे. कडा करपल्या असतील आणि मधला भाग हिरवा असेल तर पालाश कमी. कोवळं रोप जांभळं पडलं तर स्फुरद, पण थंडी असेल तर आधी ऊन पडेपर्यंत थांबायचं. पानावर आडव्या रांगेत भोकं असली तर अळीनं पोंग्यात असताना खाल्लंय. पोंगा म्हणजे झाडाच्या शेंड्याला नव्या पानांची असते ती गुंडाळी. पान तिथे गुंडाळलेलं असतं, म्हणून अळीचा एक चावा उलगडल्यावर अख्खी रांग होतो. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला कागदाची घडी कापून केलेल्या नक्षीची आठवण झाली होती, आणि मी ते आबांना सांगितलं होतं. ते हसले होते. त्या हिवाळ्यात ते हसल्याचं मला तेवढंच आठवतं.

खालचं की वरचं, याचं कारण त्यांनी मला एकदा जेवताना सांगितलं. त्या दिवशी कळण्याची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. भाकरीचा तुकडा मोडून त्यांच्या हातात द्यावा लागे, कारण ताटात शोधलेलं त्यांना आवडत नसे. ते म्हणाले, "नत्र झाडात फिरतं. कमी पडलं की झाड जुन्या पानांतलं काढतं आणि नव्याला देतं. म्हणून खालचं पान आधी पिवळं. जस्ताचं तसं नाही. ते जिथं गेलं तिथून हलत नाही. म्हणून जस्त कमी पडलं की नव्या पानावर पांढरे पट्टे येतात. जुनं पान हिरवंगार." मी ऐकत होते आणि मनात मेहरूणच्या खोलीत माझ्या टेबलावरच्या पुस्तकांची परत करायची तारीख उलटून किती दिवस झाले असतील, ते मोजत होते.

आता गावातली पोरं मला फोनवर फोटो पाठवतात. फोटो स्वच्छ असतो, पानावरचं दंवसुद्धा दिसतं. मी उलट विचारते, खालचं की वरचं? मग थोडा वेळ काही येत नाही. लष्करी अळी तेव्हा आमच्याकडे नव्हती, ती अलीकडची. तिचं मला आबांना विचारावं लागलं नाही. तिची खूण मी त्यांना सांगितली.

त्या हिवाळ्यात मका माझ्या डोक्याच्या वर गेला. ओळीत शिरलं की चारही बाजूंनी पानंच. पानांच्या कडा कोपरापर्यंत चरे पाडायच्या, घामानं ते झोंबायचे. आत वारा नसे. बाहेरून कोणाच्या मोटारीचा आवाज, गिरणीचा पट्टा फिरल्याचा आवाज, आणि पाचोऱ्याहून निघालेल्या छोट्या रेल्वेची शिट्टी ऐकू यायची. ती शिट्टी ऐकली की मी जिथे असेन तिथे थांबायचे. त्या गाडीनं मला कुठेही नेलं नसतं. जळगावची वाट दुसरीकडून होती. तरी थांबायचे. गावातल्या बायका मला 'मक्यावाली' म्हणायला लागल्या होत्या. एक जण मायला विहिरीवर म्हणाली, "तुनी पोर लोकेसना वावरमा फिरस, तिले पाहाले कोन ई?" माय तिला म्हणाली, "तुना वावरमा ऊनी ती तव्हय तुले चालनं." पण घरी आल्यावर माय हंडा ठेवून कितीतरी वेळ माझ्या हातावरच्या चऱ्यांकडे बघत बसली आणि मग त्यांना खोबरेल तेल लावलं.

मी परत कधी जायचं, हे कोणी बोलत नव्हतं. आबा रोज सकाळी विचारायचे, "आज कोणाकडे?" मी सांगायचे. मावशीचा निरोप आला की पुस्तकं तिनं परत केली आहेत आणि कॉलेजातल्या बाई मार्चपर्यंत वाट बघतील, हजेरीचं बघू म्हणाल्या. मी तो निरोप मायला सांगितला. आबांना सांगितला नाही. पण ते शेजारच्या खोलीतच होते.

संक्रांतीनंतर सुपडूनाना आले. नाना आमच्या भावकीतले, मोठ्या आवाजाचे, आबांपेक्षा थोडे लहान. त्यांनी कापूस उशिरा काढला होता, म्हणून त्यांचा मका कमरेइतकाच होता. ते ओट्यावर बसले आणि बसल्या बसल्याच म्हणाले, "आबा, मना मका पागल व्हयना. शेंड्याले गाठी पडी ऱ्हायन्या. मी उद्या नांगर घाली देस."

"नांगर कशाला?" आबा म्हणाले. "मंगल बघून येईल."

"तुना डोया तिनाजोडे शेत, मंग तू कसाले बसना आठे? दोन्ही संगेच चाला." नानांना बोललेलं लगेच लागायचं, दुसऱ्याला नाही तर स्वतःलाच. ते उगीच धोतराचा सोगा झटकत बसले.

मी गेले. बांधावरूनच दिसलं. झाडांचे शेंडे एकमेकांत पिळलेले, कांद्याच्या पातीसारखे गुंडाळलेले, काही तर वाकून कमान झालेले. आतलं पान बाहेर यायला बघत होतं आणि बाहेरचं पान त्याला सोडत नव्हतं. मी याआधी एका वावरात असंच पाहिलं होतं. तिथे तण मारायच्या औषधाचा पंप न धुता वापरला होता. मी वावराच्या आत फारशी गेले नाही. नानांना विचारलं, पंप कोणाचा आणला होता? ते म्हणाले, शेजारचा. मला समजलं.

घरी येऊन मी सांगितलं, "तणनाशकाचं आहे. पंप धुतलेला नव्हता."

"देख!" नाना म्हणाले.

आबांनी विचारलं, "ओळीच्या सुरुवातीला जास्त आणि पुढे कमी, असं आहे का?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

मी नानांकडे बघितलं.

"एका झाडाला आहे आणि शेजारच्याला नाही, असं कुठे आहे?"

"असेल."

आबांनी डोळे उघडले. ते माझ्या दिशेनं नव्हते, थोडे बाजूला होते. "तू मला पान सांगत नाहीस," ते म्हणाले. "रोग सांगतेस. रोग मला माहीत आहेत."

मग ते उठले. मायला हाक मारली, चप्पल मागितली. डोळे गेल्यापासून ते घराच्या अंगणाबाहेर पडले नव्हते, फक्त डॉक्टरकडे. मायनं त्यांचा एक हात धरला, दुसरा मी धरायला गेले तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि काठी घेतली. गावातून जाताना माणसं बाजूला होत होती. नाना पुढे चालत होते आणि मधूनच वळून म्हणायचे, "आठे खड्डा शे, आठे नाली शे," आणि माय म्हणायची, "माले दिखस नाना, मना डोया शेत."

वावरात आबांनी पहिल्या ओळीतल्या पहिल्या झाडाला हात लावला. बुंध्यापासून वर, पेरापेरानं. बुंधा हलवून बघितला, पोंग्यापाशी आले तेव्हा बोटं हळू केली. पिळाच्या वळ्या मोजल्यासारख्या चाचपल्या. नाक पोंग्यापाशी नेलं. अळी असती तर विष्ठेचा वास आला असता, तो नव्हता. मग शेजारचं झाड. ते सरळ होतं. त्याच्या पुढचं पिळलेलं. त्याच्या पुढची दोन सरळ. ओळीच्या शेवटापर्यंत ते असे गेले, माय एका बाजूला, पानं दोघांच्या तोंडावर येत होती. वाटेत एक झाड लागलं ज्याचा पोंगा नानांनी कालच विळ्यानं उभा चिरला होता, आतल्या पानाला वाट द्यायची म्हणून. आबांचं बोट त्या चिरीत गेलं. आतलं पान मधोमध फाटलं होतं. "हे कोणी केलं?"

"मीच," नाना म्हणाले. "घुसमटी ऱ्हायनं व्हतं."

"अजून किती?"

"चार-पाच."

"बास कर." आबा सरळ उभे राहिले. "मागच्या आठवड्यात थंडी होती, आभाळ होतं. मग एकदम ऊन पडलं. झाड एकदम वाढायला लागलं, आणि बाहेरचं पान तेवढ्या लवकर सैल झालं नाही. औषध असतं तर ओळीच्या सुरुवातीला जास्त दिसलं असतं. औषध नाही, रोग नाही. आतलं पान आपोआप सुटेल. सुटलं की पिवळं दिसेल, कारण त्याला इतके दिवस ऊन मिळालं नाही. घाबरायचं नाही. दोन-चार दिवसांत हिरवं होईल. फक्त हात लावायचा नाही. विळा नाही, खत नाही, काही नाही. त्याला सोडून द्यायचं."

नाना खुश झाले. म्हणाले, "बस एवढंच? मी रातभर झोपना नही आनि तू म्हनस सोडी दे!"

माय आबांचा हात धरून उभी होती. ती नानांकडे बघत नव्हती. आबांकडे बघत म्हणाली, "मकाले सोडी दे म्हनतस तुम्ही. पोरले कव्हय सोडतस?"

नानांना कळलं नाही, किंवा कळूनही ते बांधाकडे निघून गेले. आबा हललेच नाहीत. त्यांचा एक हात अजून त्या झाडाच्या शेंड्यावर होता. मी खाली बघत होते. मला तेव्हा मायचा राग आला. मी कधी तिला असं काही बोलायला सांगितलं नव्हतं. मला वाटलं आबा आता म्हणतील, जा. मला वाटलं ते म्हणणार नाहीत. दोन्हींपैकी कशाची मला जास्त भीती वाटत होती, ते इतक्या वर्षांनंतरही मला नीट सांगता येत नाही.

ते म्हणाले, "हजेरीचं बघू म्हणाल्या ना बाई? सोमवारी जा."

सोमवारी मी गेले. मायनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. आबा ओट्यावर बसले होते. मी पाया पडले तेव्हा त्यांनी डोक्यावर हात ठेवला आणि विचारलं, "नानांकडचं सुटलं का?" मी सकाळी बघून आले होते. सुटलं होतं. वावरभर पिवळीधमक पानं उभी होती, टोकांना अजून सुरकुत्या. मी तसंच सांगितलं, जे दिसलं तेवढंच. आबा म्हणाले, "चांगलं सांगितलंस."

मेहरूणला खोली तशीच होती. टेबल, खिडकी, तलाव. वर्गात बाईंनी मला पुढच्या बाकावर बसवलं. मी वही उघडली. मी लिहून घेत होते आणि लिहिलेलं वाचत होते, आणि काही दिवस ठीक गेले. मग रस्त्यानं जाताना एका बंगल्याच्या कुंपणात कोणीतरी हौसेनं लावलेली मक्याची पाच-सात झाडं दिसली. मी थांबले. खालची पानं टोकाकडून मधोमध पिवळी होती. मी तिथे उभी राहून मनातल्या मनात ते सगळं क्रमानं सांगितलं, कुठून, कसं, कोणतं पान, आणि पलीकडून कोणी प्रश्न विचारला नाही.

भाऊ गावाहून वरणगावला परतताना मावशीकडे डोकावला. तो सहज म्हणाला, आबा आता ओट्यावर बसत नाहीत. आत बसतात. लोक आले की माय सांगते, डोळे नाहीत आता. मी विचारलं, "मला बोलावलंय का?" तो म्हणाला, "नाही गं. कोणी काही म्हटलं नाही. तू अभ्यास कर." ते खरंच होतं. कोणी बोलावलं नव्हतं. आबांनी नाही, मायनं तर नाहीच. शनिवारी मी गावी गेले, रविवारपुरती. आबा आतल्या खोलीत खाटेवर बसले होते, भिंतीकडे तोंड करून. माझ्या पावलांचा आवाज ओळखून त्यांनी तोंड वळवलं आणि ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "वरच्या वावरातल्या मक्याला तुरे आलेत. येताना बघितले." ते म्हणाले, "सगळ्यांना एकदम, का मागेपुढे?" मी खाली बसले.

माय चुलीपाशी होती. तिनं ते ऐकलं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि माझ्याकडे पाहिलंच नाही. त्या दिवसापासून पुढे कितीतरी वर्षं आम्ही दोघी एकाच घरात राहिलो, एकत्र जेवलो, एकत्र पापड लाटले, आणि मी परत आले त्यावर ती माझ्याशी कधी बोलली नाही. शेवटच्या आजारात तिनं एकदा माझा हात हातात घेऊन कोपरापर्यंत चाचपला. चरे कधीचेच गेले होते.

मार्च गेला. बाईंनी पुन्हा निरोप पाठवला नाही, आणि पाठवावा असं कारणही नव्हतं. पुढच्या जूनमध्ये नाव घालायचं मी ठरवलं होतं. जूनमध्ये पेरणी होती. मला कोणी बांधून ठेवलं नव्हतं. वाट मोकळी होती आणि मी तिच्यावरून परत आले होते, म्हणून ती पुन्हा धरली नाही याचा दोष द्यायला मला कोणी उरलं नव्हतं. अडकणं हे एवढं शांत असतं, हे मला पुस्तकांतून कळलं नव्हतं.

आबा खूप जगले. या फाल्गुनात गेले. शेवटपर्यंत ते सकाळी विचारायचे आणि मी सांगायचे. एम.ए. झालं नाही. मायला जाऊन बरीच वर्षं झाली, नानाही नाहीत. भाऊ निवृत्त होऊन भुसावळला राहतो, सणाला येतो. वावर माझ्या नावावर आहे. त्यात मका आहे. सकाळी मी जाऊन येते, बांधावरून बघते, मग ओळ, मग झाड, मग पान. घरी आल्यावर चहा करते. सांगायला कोणी नाही.